वाटणी न होणारी रक्कम : २१४७४८३६४७

हिशेबाचे एक जुने कोडे आहे. एक मजूर मालकाला म्हणाला, "मला पहिल्या दिवशी फक्त एक पैसा मजुरी द्या. दुसऱ्या दिवशी दोन पैसे, तिसऱ्या दिवशी चार. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट, एवढीच माझी अट." मालक मनात हसला आणि करारावर सही करून मोकळा झाला. महिना जानेवारीचा, म्हणजे एकतीस दिवसांचा. मजुराने एकही खाडा केला नाही. महिनाअखेर त्याच्या हातात किती रक्कम पडली?

आमच्या कचेरीत आम्ही हे कोडे घातले तेव्हा कोणी पाचशे रुपये म्हणाले, कोणी धाडस करून लाखावर गेले. आता पगारपत्रक मांडू या. पहिल्या दहा दिवसांची मजुरी अवघी १० रुपये २३ पैसे. वीस दिवसांची १०,४८५ रुपये ७५ पैसे. इथपर्यंत मालकाला झोप लागत असेल. पण एकट्या एकतिसाव्या दिवसाची मजुरी १,०७,३७,४१८ रुपये २४ पैसे होते आणि सबंध महिन्याची बेरीज होते २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. पैशांत लिहायचे तर २१४७४८३६४७.

ही बेरीज करायला एकतीस ओळी लिहाव्या लागत नाहीत. एक, दोन, चार यांची बेरीज सात, म्हणजे पुढच्या आठाला एक कमी. आठ मिळवले की पंधरा, म्हणजे सोळाला एक कमी. कितीही दिवस घ्या, एकूण बेरीज ही पुढच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा नेमकी एकाने कमी असते. म्हणून आपला आकडा म्हणजे दोनाला दोनाने गुणत एकतिसाव्या घातापर्यंत जायचे आणि त्यातून एक वजा करायचा.

आता खरा प्रश्न. ही रक्कम पैशाचे तुकडे न करता सारखी वाटायची आहे. दोघांत वाटता येईल का? नाही, शेवटी ७ आहे, एक पैसा उरतो. तिघांत? आकड्यांची बेरीज ४६ येते, तिला तीनाने भाग जात नाही. पाचांत नाही, सातांत नाही, अकरांत नाही. शंभर माणसे बसवा, हजार बसवा, वस्तीतली सगळी माणसे रांगेत उभी करा. काही ना काही पैसे उरणारच. ही रक्कम एक तर एकट्यानेच घ्यावी, नाही तर २१४७४८३६४७ माणसांनी एकेक पैसा घ्यावा. तिसरी वाटणी नाही. अशा आकड्याला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात.

इतर महिन्यांचे असे नसते. तीस दिवसांच्या महिन्याची रक्कम १,०७,३७,४१८ रुपये २३ पैसे, आणि ती तिघांत बरोबर वाटली जाते : प्रत्येकी ३५,७९,१३९ रुपये ४१ पैसे. याचे कारण मुलांनाही समजेल. तीस दिवसांच्या दोन-दोन दिवसांच्या जोड्या लावा. पहिल्या जोडीचे एक अधिक दोन म्हणजे तीन पैसे, दुसरीचे चार अधिक आठ म्हणजे बारा, तिसरीचे अठ्ठेचाळीस. प्रत्येक जोडी तीनाच्या पटीत, मग बेरीजही तीनाच्या पटीत. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीची गतही तीच. दिवसांचे सारखे गट पाडता आले की रकमेचीही सारखी वाटणी होते. एकतीस दिवसांचे सारखे गट पडत नाहीत, कारण ३१ ही स्वतःच मूळ संख्या आहे.

तेवढ्याने मात्र भागत नाही. लीप वर्षाच्या फेब्रुवारीचे दिवस २९. हीसुद्धा मूळ संख्या, गट पडत नाहीत. तरीही तिची रक्कम ५३,६८,७०९ रुपये ११ पैसे ही २३३ जणांत प्रत्येकी २३,०४१ रुपये ६७ पैसे अशी तंतोतंत वाटली जाते. अकरा दिवसांची रक्कम २०४७ पैसे, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. म्हणजे दिवसांची संख्या मूळ असली तर बेरीज मूळ असू शकते, असेलच असे नाही. प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. आणि या तपासण्यावरूनच पुढचे सगळे घडले.

हा विषय फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या युक्लिड या ग्रीक पंडिताने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात नेमकी हीच दुप्पट-दुपटीची बेरीज घेतली आहे. त्याचा नियम असा : एकापासून दुप्पट करत बेरीज करा, बेरीज मूळ संख्या आली तर तिला शेवटच्या पदाने गुणा, जी संख्या येईल ती परिपूर्ण संख्या. परिपूर्ण म्हणजे जिला ज्या ज्या लहान संख्यांनी भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज पुन्हा तीच संख्या. सहाला एक, दोन, तीन यांनी भाग जातो आणि त्यांची बेरीज सहा. अठ्ठाविसाला १, २, ४, ७, १४, बेरीज अठ्ठावीस. आपल्या मजुराची महिन्याची बेरीज आणि शेवटच्या दिवसाची मजुरी, दोन्ही पैशांत घेऊन, गुणली तर २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस आकडी परिपूर्ण संख्या मिळते. अर्थात बेरीज खरोखर मूळ असेल तर.

ती मूळ आहे असे प्रथम छापून सांगितले इटलीतील बोलोन्याचे गणिती पिएत्रो काताल्दी यांनी, १६०३ मध्ये. माणूस कष्टाळू होता. त्यांनी ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी हाताने केली आणि तिच्या आधारे १७ दिवसांची व १९ दिवसांची बेरीज मूळ आहे हे एकेक भागाकार करून सिद्ध केले. एकोणीस दिवसांची बेरीज ५२४२८७. तिला ७५० पर्यंतची यादी पुरते. त्यापुढे यादी पुरेना. तरीही काताल्दी यांनी पुढे विधान करून टाकले की २३, २९, ३१ आणि ३७ यांच्याही बेरजा मूळ आहेत.

या चार नावांपैकी तीन खोटी निघाली. १६४० मध्ये फ्रान्सचे फर्मा यांनी २३ व ३७ बाद केले. तेवीस दिवसांच्या ८३८८६०७ या बेरजेला ४७ ने भाग जातो, हे कोणत्याही दुकानदाराला अर्ध्या मिनिटात पडताळता आले असते. पण सदतीस वर्षे पुस्तकात चूक तशीच राहिली. एकोणतिसाचा निकाल ऑयलर यांनी १७३८ मध्ये लावला. राहिला ३१. तो खरा की खोटा, कोणालाच सांगता येईना. पुस्तकात छापलेले होते एवढाच पुरावा, आणि त्याच ओळीतले शेजारी खोटे ठरलेले. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये जी यादी दिली तिच्यातही ३१ होता. पण त्या यादीत ६७ सुद्धा होता, आणि तोही पुढे खोटा ठरला. ६७ ची बेरीज १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ अशी फुटते हे १९०३ मध्ये अमेरिकेचे कोल यांनी दाखवले. तरीही अशा बेरजांमधून येणाऱ्या मूळ संख्यांना नाव मिळाले ते मर्सेन यांचेच. हिशेब तपासणाऱ्याचे नाव मागे राहते हा अनुभव कारकुनी करणाऱ्यांना नवा नाही.

एकतिसाचा निकाल लावला तो पुन्हा ऑयलर यांनीच. जन्माने स्वित्झर्लंडचे हे गणिती त्या वेळी रशियात सेंट पीटर्सबर्गला होते. एक डोळा तरुणपणीच अधू झालेला. दुसऱ्यावर १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नजर जवळपास गेलीच. सांगायचे आणि मुलाने किंवा शिष्याने लिहून घ्यायचे, असे काम चाले. अशा अवस्थेत १७७२ मध्ये त्यांनी बर्लिनच्या बर्नुली यांना पत्राने कळवले की २१४७४८३६४७ ही निश्चित मूळ संख्या आहे. कशी तपासली तेही सांगितले. ती रीत आम्ही इथे जरा सविस्तर देतो. दहावीतल्या मुलामुलींनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

पहिली गोष्ट, भागाकार कुठपर्यंत करायचे? एखाद्या संख्येचे दोन भाजक असतील तर त्यातला लहान भाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग आपल्या आकड्याहून कमी आहे आणि ४६३४१ चा वर्ग जास्त. म्हणून ४६३४० पर्यंत तपासले की पुरे. पण तेवढ्यातही साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या येतात. दहा आकडी रकमेला तितके भागाकार म्हणजे माणूस वेडा व्हायचा.

इथे ऑयलर यांची युक्ती आहे. २३ हा भाजक घ्या आणि दोनाच्या दुपटींना त्याने भागून फक्त बाकी लिहा : २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या पायरीला बाकी एक आली, म्हणजे फेरा पूर्ण झाला आणि पुन्हा दोनापासून सुरुवात. फर्मा यांचा नियम असा की या फेऱ्याच्या लांबीने भाजकाहून एक कमी असलेल्या संख्येला नेहमी पूर्ण भाग जातो. २३ वजा १ म्हणजे २२, आणि बावीसला अकराने भाग जातो. आता एखाद्या मूळ संख्येने आपल्या एकतीस दिवसांच्या बेरजेला भाग जात असेल, तर तिच्या फेऱ्याची लांबी ३१ च असली पाहिजे. ३१ मूळ असल्याने त्याहून लहान फेरा त्यात बसत नाही. म्हणजे त्या भाजकातून एक वजा केला की ३१ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय भाजक विषम, म्हणून ६२ ने. खात्री करायची तर एकोणतिसावर करून पाहा. त्याच्या बेरजेचे भाजक २३३, ११०३ आणि २०८९. तिन्हींमधून एक वजा करा आणि २९ च्या दुपटीने, म्हणजे ५८ ने भागा. बाकी शून्य.

दुसरा एक नियम सांगतो की अशा भाजकाला आठाने भागले तर बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही नियम एकत्र केले की भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ येणे भाग आहे. झाले! हजारो उमेदवारांतून एकदम सगळी गर्दी हटली. ४६३४० पर्यंत अशा संख्या चारशेहूनही कमी, आणि त्यातल्याही ज्या स्वतः मूळ नाहीत त्या गाळता येतात. २४९ ला तीनाने भाग जातो, गाळा. ५५९ म्हणजे तेरा त्रेचाळीस, गाळा. पहिला खरा उमेदवार ३११. भागाकार करा : भागफळ ६९०५०९२, बाकी ३५. दुसरा १३०३ : बाकी २२६. तिसरा १४८९ : बाकी १९९. याच्यापुढचा उमेदवार २५४३. त्याची बाकी आम्ही देत नाही, घरी काढावी. शून्य येत नाही एवढे सांगून ठेवतो. असे शेवटपर्यंत गेले तरी एकदाही बाकी शून्य येत नाही, आणि म्हणून आकडा मूळ. ऑयलर थोर होते म्हणून तो मूळ ठरला नाही. चिकाटीच्या माणसाला आजही काही रविवारांत ही सगळी तपासणी पुन्हा करता येते.

पुढे याहून आखूड रीत निघाली. फ्रान्सचे ल्युका यांनी १८७६ मध्ये ती शोधली व अमेरिकेचे लेमर यांनी गेल्या शतकात सुटसुटीत केली. चारपासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, बाकी काढायची आणि पुन्हा तेच. पाच दिवसांच्या बेरजेवर, म्हणजे ३१ वर, करून पाहा : ४ चा वर्ग १६, वजा दोन १४. १४ चा वर्ग १९६, वजा दोन १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा दोन ६२, बाकी शून्य. शून्य आले की मूळ. पाचासाठी तीन पायऱ्या, एकतिसासाठी एकोणतीस. याच रीतीने ल्युका यांनी १२७ दिवसांची एकोणचाळीस आकडी बेरीज मूळ असल्याचे हाताने सिद्ध केले.

मध्यंतरी १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी आपल्या पुस्तकात लिहिले होते की ऑयलर यांच्या या संख्येपासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणार नाही, कारण असल्या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग काही नाही, मग शोधायच्या कष्टात कोण पडणार? बार्लो विद्वान होते, पण त्यांचे दोन्ही अंदाज चुकले. २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांनी जगभरच्या हौशी लोकांच्या संगणक-मोहिमेतून जी मर्सेन संख्या शोधली तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. त्या मजुराने १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ दिवस काम केले असते तर त्याची ती मजुरी.

उपयोगाचे म्हणाल तर हा आकडा रोज आपल्या आसपास काम करतो. संगणक दोनच खुणा ओळखतो, शून्य आणि एक. दिवा बंद, दिवा चालू. बराच काळ संगणकात एका आकड्याला बत्तीस घरे देण्याची पद्धत होती. एक घर अधिक-उणे चिन्हासाठी, उरलेली एकतीस आकड्यासाठी. एकतीसही दिवे पेटले की जो सर्वांत मोठा आकडा होतो तो आपला २१४७४८३६४७. दर घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट, तोच मजुराचा करार. २०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवरच्या 'गंगनम स्टाईल' या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची मोजदाद या आकड्याला भिडली आणि कंपनीने मोजणीची घरे वाढवून चौसष्ट केल्याचे जाहीर केले.

तिथे तो निव्वळ जागा संपते म्हणून येतो, मूळ असण्याशी संबंध नाही. पण दुसरे एक काम तो मूळ आहे म्हणूनच करतो. संगणकाला सोडतीसारखे, क्रम न कळणारे आकडे लागतात. खेळांत लागतात, शास्त्रीय प्रयोगांत लागतात. त्यासाठी एक सोपी रीत : हातातल्या आकड्याला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा आणि पुन्हा तेच. लहान नमुना घ्या. तीनाने गुणून सातने भागत जा : १, ३, २, ६, ४, ५ आणि मग पुन्हा १. सहाही आकडे येऊन गेले. सातऐवजी आठ घ्या : १, ३ आणि लगेच पुन्हा १. भाजक मूळ असला आणि गुणक नीट निवडला, तर एकही आकडा न गाळता सगळ्यांचा नंबर लागतो. आपल्या आकड्याने २१४७४८३६४६ वेगवेगळे आकडे येऊन गेल्यावरच पहिला परत येतो. पार्क आणि मिलर या दोघांनी १९८८ मध्ये या रीतीची शिफारस करताना पडताळणीही देऊन ठेवली : एकापासून सुरुवात करून दहा हजार वेळा ही क्रिया केली की १०४३६१८०६५ आलेच पाहिजे. नाही आले तर मांडणीत चूक आहे. आमच्या मते प्रत्येक हिशेबनिसाने भिंतीवर लावावी अशी ही पद्धत आहे.

शेवटी आपल्या घरापर्यंत येणारी गोष्ट. पुष्कळ संगणकांचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ज्या जुन्या यंत्रांत या मोजणीला बत्तीसच घरे दिली आहेत, तिथे २१४७४८३६४७ वा सेकंद आपल्या वेळेप्रमाणे मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. पुढच्या सेकंदाला चिन्हाचे घर पेटते आणि ते घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागते. घाबरण्याचे कारण नाही. नवी यंत्रे चौसष्ट घरांची आहेत आणि जुनी बदलण्याचे काम चालू आहे. पण वीस वर्षांच्या घरकर्जाचे हप्ते, सेवानिवृत्तीची तारीख, विम्याची मुदत या गोष्टी २०३८ च्या पलीकडे जातात. कर्जाचे हप्तापत्रक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि सेवापुस्तकाची प्रत छापील स्वरूपात घरात ठेवावी. त्यावर शेवटच्या हप्त्याची तारीख नीट छापली आहे की नाही, तेही एकदा पाहून घ्यावे.